घरातील जुनी तलवार मूळची कुठली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाड्याच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात किंवा शेतीच्या अवजारांत सापडलेली आणि नेहमीच्या तलवारीसारखी न दिसणारी तलवार हाती आली, की तिच्याविषयी साधारण तेच प्रश्न विचारले जातात. महाराष्ट्रातील घरांत आढळणाऱ्या तलवारी मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमच्या तलवारीचे फोटो पाहून ती कुठली आहे, हे एका वाक्यात सांगता येईल का?

बहुतेक वेळा येत नाही, कारण प्रश्नच थोडा चुकलेला असतो. तलवार ही एका जागी, एका दिवशी जन्मलेली वस्तू नसते. पाते एका देशात घडलेले, मूठ दुसऱ्या प्रांतात बसवलेली, मुठीवरचे सोन्याचे काम आणखी पन्नास वर्षांनी करवून घेतलेले, पात्यावरील अक्षरे तिसऱ्याच मालकाने कोरवलेली आणि म्यान तर आजोबांच्या काळात नवे शिवून घेतलेले, असा प्रकार दख्खनमध्ये अपवाद नव्हे तर नेहमीचा होता. म्हणून पाते कुठले, मूठ कुठली, अक्षरे कोणाची आणि ही सर्व एकत्र केव्हा आली, असे चार वेगळे प्रश्न विचारावेत. चारही उत्तरे जुळलीच पाहिजेत असा आग्रह धरला, की माणूस पुराव्याला वाकवू लागतो.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसले पहिले (१६९५–१७५५) यांची तलवार. तिचे सरळ पाते युरोपीय आहे, मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे कोफ्तगिरी काम (पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली नक्षी) आहे, आणि पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ अशी देवनागरी अक्षरे सोन्याने उमटवलेली आहेत (‘सेनासाहेब सुभा’ ही रघुजींची पदवी). ही तलवार युरोपची की नागपूरची, या प्रश्नाला ‘दोन्ही’ हेच खरे उत्तर आहे, आणि ते तलवारीनेच ‘फिरंग’ या एका शब्दात देऊन ठेवले आहे.

‘फिरंग’ म्हणजे नेमके काय? परदेशी तलवार का?

परदेशी पात्याला देशी मूठ बसवलेली तलवार म्हणजे फिरंग. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि त्यांच्यानंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत नुसती पाती उतरत, आणि देशावरचे कारागीर त्यांना इथल्या घाटाची मूठ चढवत. ही पाती साधारण ८५ ते ९५ सेंटीमीटर लांब, बहुधा सरळ किंवा अगदी किंचित बाक असलेली, आणि एक ते तीन पन्हळी (पात्यावर लांबीने कोरलेल्या खाचा) असलेली असतात. दांडपट्ट्यांनाही अशीच पाती मोठ्या प्रमाणावर बसवली गेली. मात्र या पात्यांची मागणी एवढी होती, की त्यांच्या देशी नकलाही तयार झाल्या आणि त्यांवर परदेशी छाप अंदाजाने उठवले गेले. त्यामुळे फिरंगीचा घाट दिसला म्हणजे पाते परदेशीच, असे गृहीत धरता येत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांशी जोडल्या जाणाऱ्या, आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेल्या तलवारीचे पातेही असेच युरोपीय आहे आणि त्याच्या पन्हळीत आय, एच आणि एस ही रोमन अक्षरे तीनदा ठोकलेली आहेत. ती तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, भेट म्हणून गेली. ही अक्षरे येशूच्या नावाचे संक्षिप्त रूप असून अनेक युरोपीय पात्यांवर आढळतात. त्यांचा मालकाच्या धर्माशी किंवा नावाशी काही संबंध नसतो.

पात्यावर कुत्र्यासारखा किंवा वाघासारखा प्राणी खोदलेला आहे. तो कशाचा छाप?

बहुधा तो लांडगा असावा. घरातील मंडळी त्याला वाघ, कुत्रा, घोडा, क्वचित शेळीही म्हणतात, आणि त्यांचा दोष नाही, कारण चित्र म्हणण्यासारखे त्यात फारसे काही नसतेच. छिन्नीने पटापट मारलेल्या सात-आठ रेषा, एखादी शेपटीसारखी, दोन-तीन पायांसारख्या, आणि त्या खाचांत कधी कधी भरलेली पितळ. देशावरच्या एका घरात पाहिलेल्या तलवारीवर तीन पिढ्यांचा तेलकट थर होता. माध्यान्हीच्या प्रकाशात पाते कोरे वाटत होते, पण खोली अंधारी करून बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाकल्यावर मुठीपासून सुमारे वीतभर अंतरावर पितळेचे दोन ठिपके चमकले आणि मग हळूहळू पाठीचा बाक दिसला. घरातल्या आजींनी तो खंडोबाचा कुत्रा असल्याचे लगेच सांगितले. कारागिराच्या मनात ते नसले, तरी त्या घराने तो छाप तसाच वाचला होता, आणि हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

धावत्या लांडग्याचा छाप मूळचा डॅन्यूबकाठच्या पसाऊ या शहरातील पाते घडवणाऱ्यांचा. तो नावाजल्यावर जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलला आणि तिथून जगभर गेलेल्या पात्यांवर तो दिसू लागला. लांडग्याजवळ १४१४ असा आकडा असल्यास ते साल समजू नये. सतराव्या शतकातील पात्यांवरही तो आढळतो. ‘आमच्याकडे १४१४ सालची तलवार आहे’ असे सांगणारी घरे याच आकड्यामुळे निर्माण होतात.

आंद्रेया फेरारा हे नाव रोमन अक्षरांत असेल, तर त्याचाही अर्थ असाच सावधपणे घ्यावा. या नावाचा नामांकित कारागीर सोळाव्या शतकात इटलीतील बेल्लुनो येथे होऊन गेला खरा, पण पुढे त्याचे नाव झोलिंगेनमध्ये असंख्य पात्यांवर घातले गेले. नाव म्हणजे सही नव्हे, तर दर्जाची जाहिरात. दोन कोयत्या पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखी, आतल्या बाजूने बारीक दाते असलेली खूण जिनोआ आणि उत्तर इटलीशी जोडली जाते. तीही ऑस्ट्रियापासून कॉकेशसपर्यंत आणि आपल्याकडेही नकलली गेली.

छाप खरा की देशी नक्कल, हे ठरवताना रोमन अक्षरांचा क्रम आणि दिशा पाहावी. ज्याला ती लिपी वाचता येत नाही तो कारागीर अक्षर उलटे काढतो, एखादे गाळतो किंवा तेच अक्षर शोभेसाठी पुन्हा पुन्हा ठोकतो. तेवढ्यावर निकाल देऊ नये, कारण युरोपातले कारागीरही फार शिकलेले नसत. पण धातूचा पोत आणि पन्हळीची सफाई यांच्याशी ताडून पाहिल्यास हा पुरावा बराच बोलका ठरतो.

पात्यावर देवनागरीत किंवा फारसीत साल आहे. मग तारीख निश्चित झाली ना?

ते साल कोणत्या गणनेतले आहे, हे कळल्याशिवाय नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, म्हणून शके १५९६ म्हणजे १६७४. विक्रम संवतातून ५७, वर्षाच्या अखेरीच्या काही महिन्यांत ५६, वजा करावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. हिजरी ११०० हे १६८८-८९ शी जुळते. मराठी कागदपत्रांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात, शेतसाऱ्याच्या हिशेबातील दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शक तर १६७४ पासून एकापासून सुरू होतो, त्यामुळे त्यातील आकडा लहान दिसतो आणि तो अनुक्रमांक समजून सोडून दिला जातो.

चूक कशी होते याचे उत्तम उदाहरण बिकानेरच्या शस्त्रागारातील हत्यारांवर मिळते. महाराजा अनूपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनच्या मोहिमेत होते, आणि १६८९ साली आजच्या आंध्र प्रदेशातील अदोनीचा किल्ला पडल्यावर तिथली पुष्कळ शस्त्रे बिकानेरला गेली. त्यांवर बारीक ठिपके ठोकून देवनागरीत अनूपसिंहांचे नाव, अदोनी आणि संवत १७४६ अशी नोंद केलेली आढळते. हा १७४६ इसवी सन मानला तर ५७ वर्षांचा घोटाळा होतो. नोंदीत राजस्थानी राजाचे नाव पाहून तलवार राजस्थानी ठरवली तर त्याहून मोठा, कारण वस्तू दख्खनची आहे आणि लेख फक्त तिला कोणी नेले हे सांगतो. ठिपक्यांची अशी नोंद म्हणजे बहुधा शस्त्रागाराच्या कारकुनाचे काम. जडवलेले किंवा सोन्याने उमटवलेले नाव मालकाचे असण्याची शक्यता अधिक.

‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’ असे फारसीत लिहिलेले असल्यास हुरळून जाऊ नये. पहिल्या शाह अब्बासच्या काळातील या इराणी कारागिराचे नाव पुढे शतकानुशतके, हिंदुस्थानातही, पात्यांवर घातले जात राहिले.

मुठीवरून प्रांत ओळखता येतो का?

पात्यापेक्षा अधिक येतो, कारण पाती दूरवर विकली जात आणि मुठी बहुतेक मालकाच्या आसपासच बसवल्या जात. बुडाशी गोल चकती, मध्ये फुगीर पकड, आडवी छोटी परज (पाते आणि पकड यांमधली, हात वाचवणारी आड) आणि वाटल्यास बोटांवरून आलेला बाक, ही सर्वांच्या ओळखीची मूठ उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत पसरलेली असल्यामुळे एकटी फार काही सांगत नाही. खांडा (सरळ, रुंद पात्याची तलवार) आणि फिरंग यांना येणारी टोपलीसारखी मूठ वेगळी असते. तिच्यात हाताचा तळवा झाकणारी रुंद पत्र्याची परज असते, पात्याच्या दोन्ही अंगांना लांब पट्ट्या पसरून रिव्हेट मारलेले असतात आणि बुडाच्या चकतीतून एक सळई वर निघालेली असते. ही सळई शोभेची नाही. जोराच्या घावासाठी दुसरा हात तिच्यावर धरता येत असे, आणि एरवी तिच्यावर हात टेकवून उभे राहता येत असे.

मुल्हेरी मुठीचे नाव बागलाणातील मुल्हेरशी, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्याशी, जोडलेले आहे. मुठीवर याळी (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), पोपटाची चोच किंवा जाळीदार कोरीव परज असेल, तर विजयनगरच्या परंपरेतून आलेल्या दक्षिणी कामाकडे आणि विशेषतः तंजावरकडे लक्ष द्यावे. तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रांचा मोठा ठेवा चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे, आणि भोसले घराण्याचे तिथे राज्य असल्यामुळे मराठी घरांत तंजावरी घाटाचे शस्त्र निघाले, तर त्यात आश्चर्य नाही. याच परंपरेतल्या अनेक कट्यारींना मोडक्या फिरंगी पात्यांचे तुकडे बसवलेले आढळतात.

मूठ एवढी लहान का, की माझा हात आतच मावत नाही? पूर्वीची माणसे लहान होती का?

नाही. चकती मनगटाला टेकून हाताची हालचाल बांधून ठेवावी आणि वार ओढत कापावा, यासाठी मूठ मुद्दाम आखूड असते. पाश्चात्त्य पद्धतीने मनगट मोकळे ठेवून धरू पाहणाऱ्याला ती अडचणीची वाटते.

मूठ हलते आहे. म्हणजे ती नंतर बसवलेली का?

याचा अर्थ तसा होत नाही. युरोपीय तलवारीत पात्याचा शेपटा मुठीतून आरपार नेऊन बुडाशी ठोकून चपटा करतात. आपल्याकडच्या बहुतेक मुठींत मात्र शेपटा आखूड असतो आणि पोकळ मुठीत राळ व लाखेचे गरम मिश्रण ओतून तो धरवलेला असतो. दीडशे-दोनशे वर्षांनी ते मिश्रण सुकते आणि मूठ खुळखुळते. मूठ बदलणे सोपे असण्याचे कारणही हेच. मूठ पुन्हा घट्ट करण्यासाठी ती गॅसवर तापवू नये, कारण उष्णतेने जुने मिश्रण वाहून जाते, पात्याचे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरू शकते आणि सोन्याचा वर्ख सुटतो.

पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आहे. ते दमिश्कचे पोलाद का?

‘दमिश्क’ हे बाजारातले नाव. त्यामागचे पोलाद पुष्कळदा दक्षिण हिंदुस्थानातील मुशीत वितळवलेले असे. त्याला कानडी-तेलुगूत उक्कू म्हणतात आणि इंग्रजांनी त्यालाच वूट्झ केले. आजच्या तेलंगणातील निजामाबादजवळचे कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध ठिकाण. या पोलादात कार्बनचे प्रमाण एक टक्क्याच्या वर असते आणि घडवताना तयार झालेल्या लोह-कार्बाइडच्या थरांमुळे जौहर, म्हणजे ही लाटांसारखी नक्षी, दिसतो. मायकेल फॅरडेनेही १८१९ च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले होते. खरा जौहर पात्याच्या अंगात असतो, म्हणून तो पाठीवरही उमटतो आणि पन्हळीत शिरताना त्याची वळणे बदलतात. आम्लाने वरवर काढलेली आजची नक्षी धारेशी येऊन तुटते किंवा तिची ठरावीक अंतराने पुनरावृत्ती होते. दोन प्रकारच्या लोखंडाच्या घड्या घालून केलेले पाते हा तिसराच प्रकार, आणि तोही जुना असू शकतो. जौहर पाहण्यासाठी घरी लिंबू किंवा आम्ल लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

ती इंग्रज काळातील आहे की त्याआधीची, हे कसे समजेल?

इंग्रजी घोडदळाची १७९६ च्या नमुन्याची रुंद, बाकदार पाती आपल्याकडे फार आवडली आणि कित्येकांना देशी मूठ बसवली गेली, त्यामुळे पाते टोकाकडे रुंदावत असेल तर ही शक्यता आधी तपासावी. पाठीवर किंवा मुठीजवळ बाण आणि आय, एस, डी ही अक्षरे असल्यास ते सरकारी इंडिया स्टोअर डिपार्टमेंटचे साहित्य होय. मुठीजवळ षट्कोनी ताऱ्यात पितळेची गोल टिकली आणि पाठीवर आकडा असल्यास तो विल्किन्सन या इंग्रज तलवारी बनवणाऱ्या पेढीचा क्रमांक असू शकतो. ही पेढी १८५४ पासून उत्तम पात्यांवर क्रमांक घालत होती, त्यामुळे वर्ष बरेच जवळून सांगता येते. रोमन अक्षरांत नुसते ‘इंडिया’ ठोकलेले असेल, तर वस्तू बहुधा निर्यातीसाठी केलेली आहे, कारण अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. आरशासारखा क्रोमचा मुलामा विसाव्या शतकातला, आणि तसली तलवार बहुधा नवरदेवासाठी घेतलेली असते.

आमची तलवार यांपैकी कशाशीच जुळत नाही.

मग ती इथली नसण्याचा विचार करावा. सिंहमुखी मूठ आणि छोटे पाते कस्ताने या सिंहली तलवारीचे असते, पुढे झुकून टोकाशी एकदम रुंद होणारे पाते कोरा या नेपाळी तलवारीचे, आणि परज मुळीच नसलेले, दुहेरी बाकाचे पाते यातागान या उस्मानी तुर्की तलवारीचे. सरळ दुधारी पाते आणि साध्या क्रूसासारखी परज असलेली सुदानी कास्करा फिरंगेशी सहज गोंधळली जाते, शिवाय तिलाही झोलिंगेनची पाती बसवली जात. विळ्यासारखी वळलेली तलवार इथिओपियाची शोतेल असू शकते.

या वस्तू महाराष्ट्रात कशा आल्या, याचे उत्तर पलटणींत आहे. १८६७-६८ ची हबसाणची (इथिओपियाची) मोहीम मुंबईहून निघाली, १८८५ साली सुदानच्या सुआकिन बंदराला गेलेल्या हिंदी फौजेत मुंबई लष्कराचे शिपाई होते, आणि पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. घरात एखादे पेन्शनचे कागद, पदक किंवा पलटणीचा बिल्ला असल्यास तो तलवारीसोबतच नोंदवून ठेवावा. तलवारीपेक्षा तो कागद कधी कधी अधिक सांगतो.

‘ही अमुक सरदाराची तलवार’ अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली हकिकत कितपत ग्राह्य धरावी?

ती शब्दशः लिहून घ्यावी, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि मग तिला बाजूला ठेवून वस्तू तपासावी. हकिकत आणि वस्तू यांत मेळ बसला तर उत्तम. पाते १८०० नंतरचे निघाले म्हणून घराणे खोटे ठरत नाही, कारण जुन्या तलवारीच्या जागी नवी ठेवून तिची पूजा चालू ठेवण्याचे प्रकार घडलेले आहेत. इनामाची सनद, सरंजामाचा कागद किंवा वाटणीपत्रात हत्याराचा उल्लेख सापडला, तरच त्याला पुरावा म्हणावे. मोडी वाचणारा माणूस शस्त्र ओळखणाऱ्याइतकाच उपयोगी पडतो.

तपासणीसाठी कोणती माहिती आणि कोणते फोटो लागतात?

पूर्ण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची व मध्यावरची रुंदी, पाठीची जाडी आणि वजन घ्यावे. दोन्ही बाजू, पाठ, मुठीचे बूड आणि परजेची आतली बाजू यांचे फोटो सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढावेत. छापावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवल्यास फोटोत न दिसणारे अक्षर उमटते. मुठीजवळ धारेचा भाग थोडा बोथट सोडलेला आहे का, हेही पाहावे. असा भाग देशी घडणीच्या, विशेषतः सतराव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या पात्यांवर वारंवार दिसतो. तुलनेसाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, नागपूरचा अजब बंगला आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय येथील शस्त्रे प्रत्यक्ष पाहावीत. एक्स-किरणांनी धातूची चाचणी केल्यास मँगनीज किंवा क्रोमियमचे प्रमाण लक्षणीय निघाले, तर पाते आधुनिक कारखानी पोलादाचे असल्याचा संशय बळावतो.

ती घरी ठेवण्यास, विकण्यास किंवा परदेशी नेण्यास परवानगी लागते का?

शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तलवारींचा समावेश १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांतही आहे, म्हणून आपल्या जिल्ह्यातील स्थिती जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी. नांगरताना किंवा पाया खणताना तलवार सापडली असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

गंज काढून चकचकीत करून दाखवली तर ओळखणे सोपे जाईल ना?

उलट अशक्य होईल. एका घरी दसऱ्याआधी तलवार धार लावणाऱ्याच्या चाकावर दिली गेली, आणि जुन्या फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी परत आलेल्या पात्यावर फक्त एक उथळ खोलगट भाग उरला होता. चिंच, रांगोळी, विटेची भुकटी, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नये. मऊ सुती कापडाने धूळ पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात तलवार कायम ठेवू नये, कारण म्यान दमट हवा धरून ठेवते.

मग खंडेनवमीला तिची पूजाच करायची नाही का?

अवश्य करावी. हळद-कुंकू ओले करून थेट पात्यावर लावण्याऐवजी तलवारीखाली पाट आणि स्वच्छ वस्त्र ठेवून त्या वस्त्रावर वाहावे, पाणी किंवा दूध शिंपडू नये, झेंडूची ओली फुले पात्याला टेकवून रात्रभर ठेवू नयेत, आणि आरती झाल्यावर त्याच दिवशी पाते कोरडे पुसून तेल लावून ठेवावे.